पोवळीची माळ

शेवंतीने तव्यावरचा शेवटचा पोळा उलथला, निवायला सुपात टाकला आणि मधोमध भोक पाडून सुतळीत ओवला. सुतळीत तांदळाचे चार पोळे आधीच होते, मधे मधे झेंडूची फुलं. दोन्ही टोकांना गाठ मारून तिने माळ हातावर तोलून पाहिली आणि केळीच्या पानात गुंडाळली.

गोकुळदास आरशासमोर जाकिटाची बटणं लावत होते. आरशातच त्यांना ती माळ दिसली आणि बोट बटणावर तसंच राहिलं. आज दिवाळीतला गोरवांचा पाडवा. गुरांना न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची, गळ्यात पोळ्यांची माळ बांधायची. अख्ख्या इब्रामपुरात सकाळपासून तेच चाललं होतं. पण ह्या घरात माळ घालायला जनावर कुठे होतं? जनावर सोडा, गोठासुद्धा नव्हता. गोठ्याच्या जागी आता गुळगुळीत लाद्यांची, एसी बसवलेली खोली उभी होती आणि दारावर 'पाहुणचार' अशी पाटी होती.

"मयेक जातांवच, तर पोवळेक बघून येवया," शेवंती म्हणाली. "ही माळ तिची."

"आज सण. गोशाळा बंद आसतली."

"गोरवांच्या पाडव्याक गोशाळा बंद?"

तिने हे टोचून विचारलं नव्हतं, खरोखरच विचारलं होतं. गोकुळदासांना उत्तर सुचेना. आणि गोकुळदासांना उत्तर न सुचणं म्हणजे काय, हे पेडण्याच्या कचेरीत त्यांच्याबरोबर नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. साहेबाने जाब विचारला तरी हा माणूस असं काही बोलायचा की साहेबच खुर्चीत मागे रेलून हसायचा. निवृत्त झाल्यापासून तर त्यांना सप्ताहाला, जत्रेला, शाळेच्या गॅदरिंगला बोलावणी येत. विषय एकच, 'माणूस आणि जनावर'. लोक पोट धरधरून हसत. आज मये गावच्या तरुण मंडळाने पाडव्याला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. आणि ज्या गोशाळेत पोवळीला दिल्याचं त्यांनी बायकोला सांगितलं होतं, ती ह्याच मयेच्या पलीकडे होती. म्हणजे तसं त्यांनी सांगितलं होतं.

"भाषण सोपल्यार बघया," ते म्हणाले.

"तिचां नांव सांगलां न्हय थंय? नावान हाक मारल्याशिवाय ती पाण्याक तोंड लायना."

"सांगलां गो."

शेवंतीने माळ पिशवीत ठेवली. पोवळी तिने बाटलीने दूध पाजून वाढवली होती. आई वितानाच गेलेली, तांबूस रंगाची, कपाळावर पिंपळाच्या पानाएवढा पांढरा ठिपका. तीन वेतं तिने घराला दूध पुरवलं, मग गाभण राहीना. तेवढ्यात मोपाला विमानतळ झाला, आणि पणजीला नोकरीला असलेला मुलगा गौरेश म्हणाला की बाबा, रस्त्यालगतचा गोठा म्हणजे पर्यटकांना खोली द्यायला सोन्याची जागा. गोकुळदासांना ते पटलं, आणि आपल्याला ते किती पटकन पटलं ह्याचाच त्यांना मागाहून त्रास झाला.

गाडी काढताना कुंपणापलीकडून शेजारच्या रामचंद्राने विचारलं, आज खंय मैफल? गोकुळदास म्हणाले, आज माणसांना सुट्टी, गोरवांनी बोलावलंय. वाक्य पुरं व्हायच्या आधीच रामचंद्र हसत सुटला. तो नेहमीच असा आधी हसून घ्यायचा. गोकुळदासांनी नुसतं तोंड उघडलं तरी त्याला पुरे.

वाटेत शेवंती पिशवी मांडीवर धरून बसली होती. गोकुळदास गाडी चालवत मनातल्या मनात गोशाळेचं दार लावून घेत होते. रखवालदार नाही म्हणावं? गुरं रानात चरायला नेली म्हणावं? हो, हे बरं. पाडव्याला गुरं रानात नेतातच. एवढं ठरलं तेव्हा त्यांना जरा हुशारी वाटली, आणि हुशारी वाटली ह्याचीच पुन्हा किळस आली.

खरी गोष्ट चैत्रातली. शेवंती माहेरी कार्याला गेली होती. त्यांनी दोडामार्गाहून अनोळखी टेम्पो बोलावला, पोवळीला चढवलं आणि संध्याकाळी साखळीच्या बाजारात, भाजीवाले उठून गेल्यावर, उतरवून ठेवलं. गोशाळेत ते आधी गेले होते. तिथे जागा नव्हती, आणि तिथल्या माणसाने, अहो, घरची गाय घरीच असूं दे की, असं म्हटलं होतं. ते त्यांना लागलं होतं. बाजारात पाला भरपूर, तिचं भलंच होईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण कानातला पिवळा बिल्ला? त्यावरून धनी सापडतो. तो त्यांनी कात्रीने काढायला घेतला. तो धड निघेना, आणि कान फाटला. पोवळीने मान झटकली, आणि मग त्यांचंच मनगट चाटलं. तिला वाटलं असेल, कानात काही रुतलंय ते हे काढतायत.

मयेच्या देवळापुढे मांडव घातला होता. गावची गुरं रांगेने उभी होती, शिंगांना लाल-निळा रंग, गळ्यात माळा. मंडळाची सेक्रेटरी गौरवी नावाची चुणचुणीत मुलगी होती. तिने दोघांना पुढच्या खुर्च्यांवर नेऊन बसवलं, गोकुळदासांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइक पुढे केला.

माइक हातात आला की गोकुळदासांचं सगळं दुखणं पळायचं. आजही पळालं.

"मंडळी," त्यांनी सुरुवात केली, "कोंबडा रोज पहाटे आरवतो. पण उजाडल्याचं उद्घाटन मी केलं म्हणून तो कधी शाल-नारळ मागत नाही. तो मान माझ्यासारख्यांचा."

पहिला हशा झाला. पंचायतीचे दोन पंच बाजूला बसले होते, तेही हसले.

"म्हैस डबक्यात बसते. सुखाने बसते. पण त्या डबक्याला ती रिसॉर्ट म्हणत नाही. माकडं आपल्या बागायतीत शिरतात, नारळ पाडतात, दिवसाढवळ्या, आपल्या डोळ्यांदेखत. दुसऱ्याच्या बागायतीत शिरायचं असेल तर माणूस आधी कागद तयार करतो. कुत्रा परक्यावर भुंकतो आणि घरच्यांपुढे शेपूट हलवतो. आपण घरच्यांवर भुंकतो आणि विमानातून उतरलेल्या परक्यापुढे..." इथे त्यांनी कमरेतून थोडं हलून दाखवलं. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

शेवंती हसत नव्हती, पण ती नेहमीच त्यांच्या भाषणात हसत नसे. तिला ती सगळी पाठ होती.

"आणि गाय," गोकुळदासांनी आवाज खाली आणला. शेवट ते नेहमी असाच करत. "गाय स्वतःचंच खाल्लेलं रवंथ करते, आपण शेजाऱ्याचं करतो. गायीला माणूस कळतो, मंडळी. एकदा ज्याच्या हातचं खाल्लं त्याला ती विसरत नाही. विसरायची सोय देवाने आपल्याला दिली. गरज संपली की आपण..." ह्या ठिकाणी ते दरवेळी हातातला रुमाल सहज सोडून देत आणि तो खाली पडू देत. आजही सोडला. टाळ्या पडल्या.

रुमाल उचलायला ते वाकले, तेव्हा मांडवाच्या कडेने एक टेम्पो आत येताना दिसला.

गौरवीने माइक घेतला. ह्या वर्षी मंडळाने नवीन काहीतरी करायचं ठरवलं होतं, ती सांगू लागली. घरच्या गुरांना माळा सगळेच घालतात. पण बाजारात, हमरस्त्यावर जी बेवारशी गुरं बसलेली असतात, गाड्यांखाली येतात, त्यांचा पाडवा कोणी करायचा? म्हणून मुलांनी साखळीहून तीन गायी आणल्या होत्या, त्यांना न्हाऊ घातलं होतं, आणि रात्री गाड्यांच्या उजेडात चमकणारे पट्टे त्यांच्या गळ्यात घालणार होते. पहिली माळ सरांनी घालायची.

टेम्पोची फळी उघडली. पहिली गाय उतरली ती तांबूस होती. बरगड्या मोजता येत होत्या. कपाळावर पिंपळाचं पान. उजवा कान मधून फाटलेला.

गोकुळदासांनी शेवंतीकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही. पाठीमागे पिशवीतल्या केळीच्या पानाचा आवाज मात्र त्यांना ऐकू आला.

"ह्या गायीची एक गंमत आहे," गौरवी माइकवर सांगत होती. "ती बाजारात राहतच नाही. सारखी डिचोलीच्या रस्त्याला लागते, तिथून मेणकुऱ्याकडे. दोनदा ट्रकखाली जाता जाता वाचली. मुलं तिला परत आणतात, ती परत निघते. कुठे जायचं असतं तिला, कोण जाणे."

मेणकुरे, मग साळ, मग पुलावरून इब्रामपूर. गोकुळदास आज त्याच रस्त्याने गाडीतून आले होते.

कोणीतरी त्यांच्या हातात झेंडूची माळ दिली. ते पुढे झाले, कारण पुढे होण्याशिवाय काही करता येण्यासारखं नव्हतं. माळ घालायला हात वर केले, तशी पोवळीने मान लांब केली आणि नाक सरळ त्यांच्या जाकिटाच्या डाव्या खिशात खुपसलं. संध्याकाळी गोठ्यात जाताना ते त्याच बाजूच्या खिशात गुळाचा खडा ठेवत असत. आज खिसा रिकामा होता. ती हुंगत राहिली, आणखी खोल.

मांडवात आधी एक कौतुकाचा सूर उमटला, मग टाळ्या. "बघितलंत?" गौरवीचा आवाज आनंदाने भरून आला होता. "सरांनी आत्ताच सांगितलं ना, गायीला माणूस कळतो!"

तिने माइक त्यांच्या तोंडाशी धरला. दोन शब्द बोलायचे होते. ही आमची. एवढंच. सगळं गाव त्यांच्याकडे प्रेमाने बघत होतं आणि पोवळीचा ऊन श्वास जाकिटातून छातीला लागत होता.

"गुळाचा वास आला असेल," गोकुळदास म्हणाले.

लोक हसले. गोकुळदासांना वाटलं, धरतीने पोटात घ्यावं आपल्याला. पण धरती कुठली घेते? गौरवीचं अजून संपलं नव्हतं. हिला नाव नाही, ती म्हणाली, आणि बेवारशी गाय म्हणजे काय नाव झालं? सरांच्या तोंडून इतके छान शब्द येतात, तर सरांनीच हिचं नाव ठेवावं.

गोकुळदासांनी ओठ ओले केले. "मंगला," ते म्हणाले.

"मंगला!" गौरवी माइकवर ओरडली. पुढची पोरं ओरडली, मंगला, मंगला! गायीचा फाटका कान जराही हलला नाही. ती खिसाच हुंगत होती. कोणीतरी म्हणालं, तिला पसंत नाही वाटतं.

तेव्हा मागून शेवंतीचा आवाज आला. मोठा नाही, रोज संध्याकाळी परसातून यायचा तेवढाच.

"पोवळे."

गाय अख्खीच्या अख्खी वळली. दावं धरलेला मुलगा दोन पावलं ओढला गेला. ती शेवंतीपर्यंत आली आणि कपाळ तिच्या पोटाला टेकवून उभी राहिली. शेवंतीने पिशवीतून केळीचं पान काढलं, पोळ्यांची माळ सोडवली आणि तिच्या गळ्यात बांधली. मग फाटक्या कानाची कड बोटांत धरून ती बराच वेळ बघत राहिली. जखम जुनी, सरळ कापायला घेऊन मग फाटलेली. तिने वर पाहिलं नाही. नवऱ्याकडे तर नाहीच.

वहिनींनी ठेवलेलं नाव गायीला आवडलं, म्हणून सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. पोळ्यांची माळ घरून करून आणली म्हणून बायका वाखाणत होत्या. एकाच्याही मनात काळंबेरं आलं नाही. आलं असतं, कोणी एकाने तरी संशयाने पाहिलं असतं, तर गोकुळदासांना सुटल्यासारखं झालं असतं.

कार्यक्रम संपल्यावर चहा झाला. शेवंतीने चहा घेतला नाही. तिने गौरवीला विचारलं, ही गोरवां आतां खंय? गौरवी जरा ओशाळली. गोशाळेत जागा नाही, म्हणाली, संध्याकाळी परत बाजारात सोडणार. पट्टे आहेत म्हणा गळ्यात.

"ही आमी व्हरतांव," शेवंती म्हणाली. "टेम्पो इब्रामपुराक येतलो?"

गौरवीने तिचे दोन्ही हात धरले. आणि मग जे होऊ नये तेच झालं. ती पळत माइककडे गेली. प्रमुख पाहुण्यांनी एका बेवारशी गायीला आजपासून आपल्या घरी आसरा द्यायचं ठरवलं आहे, बोलणारे पुष्कळ असतात, पण बोलल्याप्रमाणे चालणारे किती? उठलेले लोक पुन्हा उभ्या उभ्या टाळ्या वाजवू लागले. एका म्हाताऱ्याने येऊन गोकुळदासांच्या पायांना हात लावला. ते मागे सरले, तर लोकांना तो विनयच वाटला. फोटो निघाला. फोटोत पोवळी मधे, एका बाजूला शाल पांघरलेले गोकुळदास. शेवंती फोटोला आली नाही. ती टेम्पोत पुढे, चालकाच्या शेजारी, जाऊन बसली होती.

गोकुळदास गाडीत एकटेच निघाले. टेम्पो पुढे होता. पोवळीला मागे तोंड करून बांधलं होतं, आणि फळीच्या वरून तिचं डोकं दिसत होतं. त्यांनी टेम्पोला मागे टाकायचं म्हटलं, पण रस्ता अरुंद. मागे राहावं म्हटलं, तर टेम्पो वळणावर हळू होई आणि ते पुन्हा तिच्यासमोर येत. डिचोली गेली, मेणकुरे गेलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. रागाने नाही, तक्रारीने नाही. जनावर कशाकडेही बघतं तसं, डोळे न हलवता. एवढा वेळ आपल्या तोंडाकडे कोणी बघत राहिल्याचं गोकुळदासांना आठवेना. त्यांनी काचेवरची उन्हाची झापड खाली ओढली. नंतर लाज वाटून पुन्हा वर केली.

साळचा पूल आला तशी पोवळीने तोंड फिरवलं. दावं ताणून, मान वाकडी करून ती पुढे, गावाकडे बघू लागली, आणि एकदा हंबरली.

घरी शेवंतीने कोणालाच काही विचारलं नाही. कमरेच्या किल्लीने तिने 'पाहुणचार' पाटीचं दार उघडलं, आतला पलंग भिंतीला ओढला आणि पोवळीला दाराशी आणलं. पोवळी उंबऱ्याशी थांबली. हीच तिची जागा, पण वास वेगळा, आणि खाली पांढरी लादी. तिने एक खूर आत टाकला, तो घसरला, तिने मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला.

गोकुळदास अंगणात उभे होते. त्यांच्या खांद्यावर अजून शाल होती. ते पुढे आले, शाल काढली आणि उंबऱ्याच्या आत लादीवर अंथरली. गुडघे टेकून तिची चारी टोकं सारखी केली. पोवळीने शालीवर पाय ठेवला, तो ठरला. मग ती आत गेली आणि जिथे पूर्वी गव्हाण होती त्या कोपऱ्यात, एसीच्या खाली, उभी राहिली.

"पोवळी परत आयली?" कुंपणावरून रामचंद्र डोकावत होता. "गोशाळेतल्यांनी धाडली काय?"

शेवंतीने सकाळपासून पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर तिने त्यांच्यावर सोडलं होतं.

गोकुळदास अजून गुडघ्यांवरच होते. "गोशाळेत नव्हतीच ती," ते म्हणाले. "मी तिका साखळेच्या बाजारात सोडून आयल्लों. कान कापून."

रामचंद्र हसला. नेहमीसारखाच, वाक्य पुरं व्हायच्या आधी. "तुमचां आपलां कायतरीच, गोकुळदास," म्हणाला, आणि बायकोला सांगायला घरात वळला. पलीकडून तो सांगत असल्याचा आवाज आला, मग तिच्या हसण्याचा.

गोकुळदास उठले. तोंड पुन्हा उघडावं की नाही, त्यांना कळेना. काहीही बोललं तरी पलीकडे हसूच येणार होतं. ते त्यांनीच तर जन्मभर शिकवलं होतं सगळ्यांना.

"बालदी भरून हाडा," शेवंती म्हणाली.

त्यांनी विहिरीवरून बालदी भरून आणली, आणि कोपऱ्यात पोवळीच्या पुढे ठेवली. ती तहानलेली होती, जीभ बाहेर येत होती. पण तिने पाण्याला तोंड लावलं नाही. ती उभी राहून वाट बघत होती. शेवंती दारातच थांबली होती, आणि ती काही हाक मारणार नव्हती, हे गोकुळदासांना कळलं.

कुंपणापलीकडलं हसणं त्यांनी थांबू दिलं.

"पोवळे," गोकुळदास म्हणाले.

पोवळीने लगेच बालदीत तोंड घातलं. तिने त्यांना दुसऱ्यांदा हाक मारायलासुद्धा लावलं नाही.